पिक्सेल आर्टचं व्हेक्टर: चौकोन राखायचे की वळणं काढायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १६×१६, ३२×३२ किंवा ६४×६४ पिक्सेलचं एक चित्र आहे आणि स्टिकर, टी-शर्ट, लेझर कटिंग किंवा वेबसाइटसाठी त्याचं एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांनी साठवलेलं व्हेक्टर चित्र, हवंय. इंकस्केप किंवा इलस्ट्रेटर या व्हेक्टरच्या प्रोग्रॅममध्ये नेहमीसारखं ट्रेस केलं, म्हणजे ठिपक्यांवरून आकार काढून घेतले, की कोपरे वितळतात, चार रंगांचे चाळीस होतात आणि फाइल मूळ पीएनजीच्या कितीतरी पट जड होते. असं का होतं, आणि नीट कसं करायचं?

नेहमीचं ट्रेसिंग स्कॅन केलेल्या रेषेसाठी बनलेलं आहे. इंकस्केपमध्ये पीटर सेलिंगर यांचं पोट्रेस हे ट्रेसिंगचं साधन वापरलं जातं. कागदावर एक सरळ किंवा गोलसर रेघ होती, स्कॅनरने तिच्या पायऱ्या केल्या, आता पायऱ्या पुसून मूळ रेघ शोधायची, हे त्याचं गृहीतक. पिक्सेल आर्टमध्ये मुळात पायरीच काढलेली असते. ३२×३२ च्या चेहऱ्यावर डोळा एका पिक्सेलचा असेल तर तो पिक्सेल चित्रकाराने विचार करून तिथेच ठेवलेला असतो. पोट्रेसला तो ठिपका धूळ वाटतो आणि पायरी तिरकी रेघ वाटते. 'कोपरे गुळगुळीत करा' हा आकडा शून्यावर नेला तरी उपयोग होत नाही, कारण वळणं गेली तरी बहुभुज तिरकाच बसवला जातो. त्यामुळे आकडे बदलत बसण्यात वेळ घालवू नका. हे साधन या कामाचं नाही.

आधी ठरवायचं ते इतकंच: चौकोन जसेच्या तसे हवेत, की चौकोनांतून सुचणारा आकार वळणदार करून हवा? ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांची साधनं वेगळी आणि चुकाही वेगळ्या. माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा पहिलंच काम बरोबर असतं. पिक्सेल आर्ट आवडतं म्हणूनच ते टी-शर्टवर घ्यायचं असतं, आणि गुळगुळीत केलं की त्यातलं पिक्सेल आर्टच जातं.

आणि व्हेक्टर लागतंच का, हेही तपासा. फक्त छापायचं असेल तर ३२×३२ चं चित्र 'निअरेस्ट नेबर' पद्धतीने (मधल्या छटा न बनवता प्रत्येक पिक्सेल तसाच मोठा करून) शंभरपट करा. ३२००×३२०० पिक्सेल होतात, म्हणजे ३०० डीपीआयला साडेदहा इंचांहून मोठी छपाई, एकही कडा धूसर न होता. व्हेक्टर खरोखर लागतं ते कटिंग प्लॉटर, लेझर, भरतकामाचं डिजिटायझिंग, फाँट बनवणं आणि कुठल्याही आकाराला चालणारा वेबवरचा लोगो अशा कामांना.

मूळ फाइल आधी साफ करा

ट्रेसिंगमध्ये बिघडलं असं जे वाटतं, त्यातलं बरंचसं आधीच बिघडलेलं असतं. चित्र जेपेग असेल तर ८×८ च्या ठोकळ्यांत दाबलं जाताना कडांभोवती फिकट डाग पडलेले असतात आणि रंगाची माहिती बहुधा निम्म्या रुंदी-उंचीवर आणलेली असते. डोळ्यांना काळा दिसणारा भाग प्रत्यक्षात वीस-पंचवीस काळ्या छटांचा असतो, आणि ट्रेसर त्या प्रत्येक छटेचा वेगळा आकार करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली पीएनजी जेपेग होऊन पोचते. कुणाकडून मागवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

दुसरी अडचण मोठ्या केलेल्या चित्राची. हातात ५१२×५१२ चं चित्र आहे, पण मूळ ३२×३२ चं आहे, म्हणजे एक मूळ पिक्सेल आता १६ पिक्सेलचा चौकोन झालाय. ट्रेसरला कायम मूळ आकाराचं चित्र द्यावं, एक पिक्सेल म्हणजे एकच पिक्सेल. पट किती हे काढायला चित्र खूप झूम करून एकाच रंगाच्या सलग पट्ट्या मोजा: १६, ४८, ३२, १६ असे आकडे आले तर त्यांचा मसावि १६, तीच पट. मग गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये 'स्केल इमेज' उघडून इंटरपोलेशन 'नन' ठेवा आणि ३२×३२ करा. फोटोशॉपमध्ये हाच पर्याय 'निअरेस्ट नेबर' नावाने आहे. पट पूर्णांकात येत नसेल, म्हणजे स्क्रीनशॉटमध्ये एक मूळ पिक्सेल १५.३ एवढा झाला असेल, तर थेट लहान करू नका. काही रांगा गळतात, काही दुप्पट होतात. अशा वेळी प्रत्येक खणाच्या मध्यबिंदूवरचा रंग उचलायचा. हे पायथनमध्ये पिलो ही चित्रांची लायब्ररी वापरून दहा ओळींत होतं, आणि चित्र १६×१६ चं असेल तर हाताने परत काढणं त्याहून लवकर होतं.

मग रंग. गिंपच्या 'मोड'मध्ये 'इंडेक्स्ड' (ठरावीक रंगांची यादी) निवडा, रंगांची कमाल संख्या चित्रात खरोखर जितके रंग आहेत तितकीच द्या आणि डिदरिंग (दोन रंगांचे ठिपके मिसळून मधल्या छटेचा भास करणं) बंद ठेवा. अर्धपारदर्शक पिक्सेल असतील तर ५० टक्क्यांवर छाट द्या: त्यावरचा पूर्ण भरीव, खालचा पूर्ण पारदर्शक. तळाशी चित्रात नसलेला एक भडक रंग, बहुधा मॅजेंटा, भरून ठेवला तर पुढे पार्श्वभूमीचे सगळे चौकोन एका फटक्यात निवडून काढता येतात.

चौकोन जसेच्या तसे

एक खरा नमुना घेऊ. टाइटोच्या १९७८ सालच्या स्पेस इनव्हेडर्समधला खेकडा ११ पिक्सेल रुंद आणि ८ उंच आहे:

□□■□□□□□■□□
□□□■□□□■□□□
□□■■■■■■■□□
□■■□■■■□■■□
■■■■■■■■■■■
■□■■■■■■■□■
■□■□□□□□■□■
□□□■■□■■□□□

(सरावाला हे उत्तम. विकायच्या स्टिकरवर मात्र हक्कधारकाची परवानगी लागते.)

यात ४६ भरलेले पिक्सेल आहेत. सर्वांत बाळबोध पद्धत म्हणजे प्रत्येकाचा एक चौकोन: ४६ आकार, १८४ नोड (आकाराच्या कोपऱ्यांचे बिंदू). असेस्प्राइट या पिक्सेल आर्टच्या प्रोग्रॅमचं एसव्हीजी असंच येतं, आणि इलस्ट्रेटरचं 'क्रिएट ऑब्जेक्ट मोझेक'ही असेच सुटे चौकोन देतं. लहान चित्राला हे चालून जातं. ६४×६४ च्या भरलेल्या चित्रात मात्र ४,०९६ चौकोन होतात. एका चौकोनाच्या टॅगला जागा, मापं आणि रंग मिळून साधारण ५७ अक्षरं लागतात, म्हणजे फाइल सुमारे २३० केबी, जी पीएनजीत काही केबीत मावते.

त्याहून बरं म्हणजे रांगेतले शेजारी एकत्र करणं. खेकड्याच्या आठ रांगांत एकूण १८ सलग पट्ट्या आहेत, म्हणजे ७२ नोड. खरं उत्तर मात्र बाह्यरेषेचं आहे: प्रत्येक रंगाचा एकच पाथ, फक्त आडव्या-उभ्या रेषांचा. खेकड्याच्या धडाला ३२ नोड लागतात, दोन डोळ्यांच्या छिद्रांना ८, शिंगांच्या दोन टोकांना ८ आणि दोन पायांना ८, एकूण ५६. आकार अगदी तोच, नोड तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

हा पाथ स्क्रिप्टने काढायचा तर्क साधा आहे. प्रत्येक भरलेल्या पिक्सेलच्या चारही कडा घड्याळाच्या दिशेने लिहा: वरची डावीकडून उजवीकडे, उजवी वरून खाली, खालची उजवीकडून डावीकडे, डावी खालून वर. एकाच रंगाचे दोन पिक्सेल शेजारी असले की त्यांची सामाईक कड दोनदा, पण उलट दिशांनी येते. अशा जोड्या खोडून टाका. उरतात त्या फक्त सीमेच्या कडा. आता एका कडेच्या शेवटापासून पुढची कड सुरू होते, अशी साखळी जोडत सुरुवातीला परत या. एकाच दिशेने सलग आलेल्या कडा मिळून एक लांब कड करा. छिद्रांच्या कडा आपोआप उलट दिशेने फिरतात, त्यामुळे भरण्याचा नियम 'नॉनझीरो' असो की 'इव्हनऑड', डोळे पोकळच राहतात. हे सगळं पायथनच्या शंभर ओळींच्या आत बसतं. पाथ लिहिताना सापेक्ष आडवा आणि सापेक्ष उभा, म्हणजे लहान लिपीतले एच आणि व्ही, एवढे दोनच आदेश वापरा. दशांश येतच नाहीत आणि फाइल अगदी हलकी होते.

स्क्रिप्ट नको असेल तर इंकस्केपमध्ये सुटे चौकोन आणून 'सिलेक्ट सेम'मधून 'फिल कलर' घ्या आणि 'पाथ'मधलं 'युनियन' करा, प्रत्येक रंगासाठी एकदा. इलस्ट्रेटरमध्ये मोझेकनंतर पाथफाइंडरचं 'मर्ज' हेच काम करतं. इथे एक गोष्ट सांभाळा: चौकोनांचे निर्देशांक ३.००००१ आणि २.९९९९८ असे निसटते असतील तर युनियननंतर केसासारखी फट राहते किंवा कडेवर एकमेकांना चिकटलेले दोन-दोन नोड येतात. युनियनआधी सगळं ग्रिडला स्नॅप करून घ्या. एक पिक्सेल म्हणजे १० एकक असं माप धरलं तर चूक डोळ्यांना लगेच दिसते.

तिरपे शेजारी

आता खेकड्याकडे परत बघा. वरच्या रांगेतला शिंगाचा पिक्सेल खालच्या पिक्सेलला फक्त कोपऱ्याने शिवतोय. पायांचंही तसंच: सातव्या रांगेतला मांडीचा पिक्सेल आणि आठव्या रांगेतला पाय यांची एकही कड सामाईक नाही. डोळ्यांना खेकडा एकसंध दिसतो, पण कडांच्या हिशेबाने तो पाच सुटे तुकडे आहे: धड, दोन टोकं, दोन पाय. पिक्सेल आर्टचं व्हेक्टर करताना जे काही अवघड आहे ते या एका कोपऱ्यापाशी येऊन थांबतं.

साखळी जोडताना अशा कोपऱ्यावर पुढे जायला दोन कडा मिळतात. उजवीकडे वळलात तर त्याच पिक्सेलभोवती राहता, तुकडे सुटे होतात. डावीकडे वळलात तर पलीकडच्या पिक्सेलवर जाता, आणि पाथ एकच होऊन त्या बिंदूतून दोनदा जातो. पडद्यावर भरलेला आकार दोन्ही वेळा सारखाच दिसतो, म्हणून पुष्कळांना हा फरक कळतच नाही. कटिंगला पाठवल्यावर कळतो. पाथ एक असला तरी जोडाची रुंदी शून्य असते, त्यामुळे लेझरने कापल्यावर शिंगं आणि पाय हातात सुटे येतात.

उपाय म्हणजे खरा पूल बांधणं. त्या कोपऱ्यावर पिक्सेलच्या पंधरा ते वीस टक्के रुंदीचा छोटा तिरपा चौकोन ठेवून धडाशी युनियन करा. एक पिक्सेल ५ मिलिमीटरचा असेल तर पूल पाऊण ते एक मिलिमीटरचा होतो. व्हिनाइलला तो पुरतो. ३ मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकला तो ठिसूळ पडतो, कारण लेझरच्या रेषेतच दशांश मिलिमीटरच्या घरात साहित्य जळतं. तिथे दीड मिलिमीटरपर्यंत जा, किंवा सगळ्याच्या मागे एकसंध पाठ द्या. कटिंगच्या फाइलमध्ये सुटे चौकोन तर कधीच पाठवू नका. सामाईक कड दोनदा कापली जाते, प्लायवुड करपतं आणि व्हिनाइलखालचा कागदही कापला जातो.

रंगांच्या मधली पांढरी रेघ

दुसरी सतत येणारी तक्रार: दोन रंग अगदी चिकटून आहेत, निर्देशांक बरोबर आहेत, तरी मध्ये बारीक फिकट रेघ दिसते. दोष चित्राचा नाही, रंग भरण्याच्या पद्धतीचा आहे. सीमा पडद्याच्या पिक्सेलच्या बरोबर मध्ये पडली असं समजा. पहिला आकार त्या पिक्सेलचा अर्धा भाग व्यापतो, म्हणून तिथे ५० टक्के रंग येतो. दुसरा आकार उरलेला अर्धा व्यापतो, पण संगणक तोही ५० टक्के म्हणून वरून मिसळतो. त्यामुळे पहिल्याचे उरतात २५, दुसऱ्याचे ५०, आणि पार्श्वभूमीचे २५ टक्के तसेच झिरपतात. तीच ती रेघ.

सर्वांत पक्का उपाय म्हणजे रंग एकमेकांना चिकटवण्याऐवजी एकावर एक रचणं. तळाला अख्ख्या आकृतीची छाया बाह्यरेषेच्या गडद रंगात, तिच्यावर मोठे भाग, सर्वांत वर डोळे आणि चमक. खालचा आकार वरच्याच्या खाली अर्धा पिक्सेल तरी सरकलेला असू द्या. घाईत असाल तर प्रत्येक आकाराला त्याच्याच रंगाचा ०.०५ पिक्सेलचा स्ट्रोक (कडेची रेघ) द्या. तेवढ्याने पडद्यावरची रेघ जाते. कटिंगच्या फाइलला मात्र हा उपाय लावायचा नाही.

वेबवर एसव्हीजीच्या मूळ घटकाला 'शेप-रेंडरिंग' गुणधर्म 'क्रिस्पएजेस' असा दिला की कडा मऊ करणंच बंद होतं आणि रेघही जाते. पण त्याची एक किंमत आहे. ११ एकक रुंदीचा खेकडा १०० पिक्सेलमध्ये बसवला तर एका एककाला ९.०९ पिक्सेल येतात. मग कुठला स्तंभ ९ चा, कुठला १० चा, आणि समोरासमोरचे दोन डोळे वेगवेगळ्या रुंदीचे. म्हणून रुंदी ८८, ९९ किंवा ११० अशी पटीतच ठेवा. विंडोजवर १२५ टक्के स्केलिंग पुष्कळांकडे असतं, तेही धरा: १६ एककांचं चिन्ह ६४ पिक्सेलला ठेवलं तर १२५ टक्क्यांवर ८० होतं, एककाला नेमके ५. तेच ४८ ला ठेवलं तर ६० होतं, एककाला ३.७५, आणि चिन्ह वाकडं दिसतं. आकृती विषम रुंदीची असेल तर बाजूला रिकामी जागा सोडून व्ह्यूबॉक्स, म्हणजे एसव्हीजीची चित्रचौकट, १२ किंवा १६ चा करणं सोयीचं. अ‍ॅनिमेशनच्या सगळ्या चौकटींना तर तोच व्ह्यूबॉक्स असायलाच हवा. प्रत्येक चौकट आपापल्या कडेपर्यंत छाटली की पात्र जागच्या जागी थरथरतं.

वळणदार करायचं असेल तर

यासाठी एकच गंभीर पद्धत सर्वत्र वापरली जाते. योहानेस कोप्फ आणि दानी लिशिन्स्की यांनी २०११ साली सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत ती मांडली. इंकस्केपमध्ये ती २०१५ च्या ०.९१ आवृत्तीपासून आहे. १.० पासून 'ट्रेस बिटमॅप'च्या खिडकीत 'पिक्सेल आर्ट' या टॅबखाली मिळते.

ती आत काय करते हे समजलं तर तिचे आकडे नीट वापरता येतात. प्रत्येक पिक्सेल हा एक ठिपका, आणि तो आठही दिशांच्या सारख्या रंगाच्या शेजाऱ्यांशी रेघेने जोडलेला, ठिपक्यांच्या रांगोळीसारखा. सारखा रंग म्हणजे चमकेतला फरक २५५ पैकी ४८ पर्यंत आणि रंगछटेच्या दोन घटकांतला फरक ७ आणि ६ पर्यंत. आता २×२ च्या खणात दोन तिरप्या रेघा एकमेकींना छेदत असतील तर काय? चारही पिक्सेल एकाच रंगाचे असतील तर दोन्ही काढून टाकायच्या, तो सपाट भाग आहे. नसतील तर एकच रेघ ठेवायची, आणि कुठली ते मतदानाने ठरतं. जी रेघ जास्त लांब वक्राचा भाग आहे तिला लांबीच्या फरकाएवढी मतं. आजूबाजूच्या ८×८ च्या चौकटीत जो रंग विरळ आहे त्याला मतं, कारण विरळ रंग बहुधा पुढची आकृती असते आणि दाट रंग पार्श्वभूमी. आणि जी रेघ तोडली तर एखादा पिक्सेल एकटा पडेल तिला ५ मतं. इंकस्केपच्या खिडकीतले कर्व्हज, स्पार्स पिक्सेल्स आणि आयलंड्स हे आकडे म्हणजे याच तीन मतांचं वजन.

खेकड्याच्या पायाशी काय होतं बघा. तिथे मांडी-पाय ही एक तिरपी जोडी आणि रिकाम्या भागाची दुसरी. मतदान खेकड्याच्या बाजूने गेलं तर पाय धडाला जोडला जातो, विरुद्ध गेलं तर पाय हवेत तरंगतो. असा तरंगणारा तुकडा दिसला की आधी आयलंड्सचा आकडा वाढवून बघा. मात्र तो नियम एकट्या पिक्सेलपुरताच आहे. दोन पिक्सेलचा पाय त्यात येत नाही, त्याला कर्व्हज किंवा स्पार्स पिक्सेल्सचं वजन वाढवावं लागतं. उलट, दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटल्या असतील तर कर्व्हज कमी करा. आउटपुटमध्ये 'व्होरोनॉय' निवडल्यावर मूळ चौकोन मिळतील असं पुष्कळांना वाटतं, तसं होत नाही. तिथे तिरप्या जोडांप्रमाणे आकार बदललेल्या कोनदार पेशी मिळतात. मतदान कुठे चुकलं ते त्यांत स्पष्ट दिसतं, म्हणून आधी व्होरोनॉय काढून तपासावं आणि मग बी-स्प्लाइन, म्हणजे वळणदार आउटपुट, काढावं.

४८ चा उंबरठा एक सापळा आहे. राखाडी ६० आणि राखाडी १०० यांच्या चमकेत ४० चाच फरक आहे आणि छटेत काहीच नाही, त्यामुळे ही पद्धत त्यांना एकच रंग समजून जोडते. दगड, चिलखत, केस अशा करड्या भागांत म्हणूनच घोळ होतो. युक्ती अशी: ट्रेस करण्याआधी पॅलेट बदला. प्रत्येक रंगाऐवजी एकमेकांपासून लांबचे रंग, लाल, हिरवा, निळा, पिवळा, ठेवा. ट्रेस करा, मग 'सिलेक्ट सेम'ने निवडून मूळ रंग परत भरा. इंडेक्स्ड फाइलमध्ये पॅलेट बदलणं दोन मिनिटांचं काम आहे.

चित्र २५६×२५६ पेक्षा मोठं असेल तर इंकस्केप इशारा देतं. तो इशारा आला म्हणजे बहुधा तुम्ही मोठं केलेलं चित्र दिलंय. मागे जाऊन ते मूळ आकाराला आणा.

दोन गोष्टी ही पद्धतही सोडवू शकत नाही, त्या आधी हाताने सोडवाव्या लागतात. पहिली म्हणजे हाताने केलेलं अँटी-अलायझिंग. काळ्या रेघेच्या पायरीवर चित्रकाराने मधल्या छटेचा एखादा पिक्सेल ठेवलेला असतो, तो व्हेक्टरमध्ये बारीक चकतीसारखा आगंतुक आकार होतो. ट्रेसआधी असे पिक्सेल जवळच्या गडद किंवा फिकट रंगात मिसळून टाका, वळण आता स्प्लाइन देणारच आहे. दुसरी म्हणजे डिदरिंग. बुद्धिबळाच्या पटासारख्या भागात प्रत्येक २×२ खण वादग्रस्त असतो, आणि निकाल जाळीसारखा किंवा किड्यांसारखा येतो. तो अख्खा भाग एका मधल्या रंगाने भरा. मधला रंग काढताना आकड्यांची सरासरी घेऊ नका: काळ्या-पांढऱ्या पटाची लांबून दिसणारी चमक १२८ नाही, १८८ च्या आसपास असते, कारण पडद्याचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. डिदरिंगचा पोत हवाच असेल तर एसव्हीजीचा २×२ एककांचा पॅटर्न भरा. ३२×३२ च्या पटातले ५१२ सुटे चौकोन एका ओळीत येतात.

लहान चित्र हाताने

३२×३२ पर्यंतच्या चित्राला स्वयंचलित निकाल फक्त कच्चा खर्डा समजा. चेहरा, अक्षर, लोगो असेल तर शेवटचं काम हातानेच करावं, आणि ते फार मोठं नसतं. मूळ पीएनजी खालच्या लेयरवर ४० टक्के अपारदर्शकतेने कुलूपबंद करा, आयात करताना 'ब्लॉकी' निवडा म्हणजे कडा धूसर दिसत नाहीत.

एका पिक्सेलच्या जाडीच्या रेघेभोवती बाह्यरेषा काढत बसू नका. पिक्सेलच्या केंद्रांतून एक स्ट्रोक न्या, जाडी एक पिक्सेल, टोकं आणि सांधे गोल. पायऱ्या वाचायची सवय लागते: १-१-१ ही ४५ अंशांची रेघ, २-२-२ ही २६.६ अंशांची, आणि ३-२-१-१-२-३ अशा पायऱ्या आल्या की तो कंस असतो. २-२-१-२-२ मधला एकटा १ हा उतार जमवायला ठेवलेला असतो, त्याला वेगळा नोड द्यायचा नाही. ४, ६, ८, ८, ८, ८, ६, ४ अशा लांबीच्या रांगा एकाखाली एक मध्यावर असतील तर ते ८ पिक्सेल व्यासाचं वर्तुळ आहे. तिथे सरळ वर्तुळ ठेवा. नोड फक्त वर, खाली, डावीकडे, उजवीकडे या टोकांवर असू द्या. पाव वर्तुळासाठी हँडलची (नोडपाशी वळण ठरवणाऱ्या दांडीची) लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट.

देवनागरी अक्षरं पिक्सेलमध्ये काढून त्यांचा फाँट करणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. प्रत्येक अक्षराची शिरोरेखा त्याच्या रुंदीच्या कडेशी नेमकी संपली तर शब्दात दर दोन अक्षरांमध्ये वर सांगितलेलीच फिकट रेघ येते, आणि 'महाराष्ट्र' लिहिलं की शिरोरेखा तुकड्यातुकड्यांची दिसते. शिरोरेखा पुढच्या अक्षराच्या हद्दीत थोडी घुसवावी, पिक्सेलचा दहावा हिस्सा पुरतो. वेलांटीचा आणि मात्रेचा तिरपा पिक्सेल मात्र शिरोरेखेला कोपऱ्याने नुसता शिवत ठेवू नका. कडेने जोडा, नाहीतर लहान आकारात मात्रा तुटलेली दिसते.

जुन्या खेळांतून चित्र घेतलं असेल तर पिक्सेल चौकोनी होता का, तेही पाहा. डॉसच्या ३२०×२०० च्या पडद्यावर चित्र ४:३ मध्ये ताणलं जायचं, म्हणजे पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच. निन्टेन्डोच्या एनईएसवर अमेरिका-जपानच्या टीव्हीवर तो ८:७, म्हणजे थोडा रुंद. कॉमोडोर ६४ च्या बहुरंगी मोडमध्ये जवळपास दुप्पट रुंद. हे ताणणं ट्रेस झाल्यावर, पाथवर करायचं. आधी पिक्सेलचं चित्रच ताणलं तर ग्रिड मोडतं आणि पुन्हा रांगा गळतात-दुपटतात. वळणदार करतानाही आधी ताणलेलं चित्र देऊ नका, कारण ४५ अंशांची पायरी ओळखू येत नाही.

शेवटी तपासणी. तयार एसव्हीजी मूळ मापात, म्हणजे ताणलेलं असेल तर ताणण्याआधीचं, मूळ आकारालाच पीएनजी म्हणून निर्यात करा. गिंपमध्ये ते मूळ चित्रावर ठेवा आणि वरच्या लेयरचा मोड 'डिफरन्स' करा. चौकोन राखण्याच्या कामात सगळं पूर्ण काळं दिसलं पाहिजे. एक जरी ठिपका उजळला तर तिथे पिक्सेल हललाय किंवा रंग बदललाय. कडांवर सर्वत्र करडी किनार दिसली तर अख्खं चित्र अर्ध्या पिक्सेलने सरकलंय, पानाचा आणि व्ह्यूबॉक्सचा आरंभबिंदू तपासा. वळणदार केलेल्या चित्रात कडांवर करडेपणा येणारच. तिथे शोधायचा तो आतमध्ये एकटा चमकणारा पिक्सेल, म्हणजे गिळला गेलेला डोळा, बटण किंवा दात.